सिनेमाच्या चालीला बंदी

आमच्या मलप्पाकाकांनी आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नव्हता, आणि तरीही सिनेमावाल्यांच्या भानगडी त्यांच्याइतक्या अख्ख्या उदगीरमध्ये कोणाला ठाऊक नव्हत्या. हे कसं, ते आधी सांगून टाकते.

चौबाऱ्याजवळ त्यांचं छोटं दुकान होतं. विभूती, कापूर, उदबत्त्या, रुद्राक्ष, गळ्यातलं लिंग बांधायचा दोरा, असं देवाचं सामान ते विकायचे. पुड्या बांधायला रद्दी लागायची. रद्दीत वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या असायच्या आणि पुरवण्यांत नट्या असायच्या. देवाची विभूती नटीच्या फोटोत बांधायची नाही, हा काकांचा नियम. म्हणून सकाळी दुकान उघडलं की ते आणि गंगम्माकाकू, म्हणजे माझी चुलती, समोरासमोर बसून रद्दी निवडायचे. बाजारभाव आणि पुढाऱ्यांची भाषणं पुड्यांसाठी, सिनेमाची पानं चुलीसाठी. पण चुलीत घालायचं पान आधी बघावं लागतं, बघितलं की वाचलं जातं, आणि वाचलं की काकांचं डोकं फिरायचं. मग दिवसभर ओट्यावर जो येईल त्याला ते सगळं ऐकावं लागायचं.

"हे बघा," कापूर मागायला आलेल्या माणसाला ते म्हणायचे, "ह्या बयेनं तिसरं लगीन केलं. आन् वर काय म्हणती? ह्या बारीला खरं प्रेम हाय म्हणती. मग पहिल्या दोघांसंगं काय करून राहिली हुती, नाटक?"

गिऱ्हाईक हसायचं. काका मात्र हसत नसत. "हसू नगा. तुमच्या पोराला इचारा, बसवण्णांच्या बायकोचं नाव काय. येत न्हाई. पण हिरोच्या कुत्र्याचं नाव इचारा, झोपंत सांगतंय."

मी त्यांची पुतणी उमादेवी. लग्न होऊन नांदेडला गेले, तरी दर उन्हाळ्यात पोराला काखेत मारून माहेरी उदगीरला यायचे, आणि आमचं घर काकांच्या घराला लागूनच. मला सिनेमाचं भयंकर वेड, आणि काकांना डिवचायचं त्याहून जास्त. "काका, त्या हिरोइनीचा नवरा परत आला का हो?" असं मी साळसूदपणे विचारायचे. ते नादात सांगून जायचे, "कुठला येतंय, दुबईला पळालंय." मग आपण काय बोललो ते ध्यानात आलं की माझ्यावर डाफरायचे, आणि काकू मान खाली घालून गालातल्या गालात हसायच्या.

पण काकांना नुसता चिडका म्हातारा समजू नका, मला राग येईल. महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळाचे ते पुढारी होते. आवाज असा, की बाहेर जोडे काढणारा माणूस एक जोडा हातात धरून तसाच उभा राहायचा. त्यांचं एक भजन तर सगळ्या तालुक्यात ठाऊक होतं. 'गळ्यात माझ्या तूच बांधला, हरवू कसा मी, शिवा.' आम्हा लोकांच्या गळ्यात जन्मापासून लिंग असतं, त्यावरून रचलेलं. शब्द आणि चाल दोन्ही सिद्धरामकाकांनी तरुणपणी आणून दिलेले. सिद्धरामकाका म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी, मंडळाचे पखवाजवाले आणि काकांचे लंगोटीयार. ही चाल कपिलधारच्या यात्रेत एका बुवांकडून मिळाली, असं त्यांनी सांगितलं होतं. काका भजनाआधी तसं सांगायचेसुद्धा, की ही कपिलधारची जुनी चाल आहे, कान देऊन ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात काकांचा एकुलता एक मुलगा मन्मथ हगवणीनं गेला. आम्ही त्याला मन्या म्हणायचो, तो माझ्याच वयाचा होता. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. मन्याला खड्ड्यात बसवला, त्याचं छोटं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं, आणि पहिली माती पडायच्या आधी काकांनी ते भजन सुरू केलं. शेवटची ओंजळ पडेपर्यंत ते थांबले नाहीत. सिद्धरामकाका रडत रडत पखवाज वाजवत होते. मी लहान होते, काकूंच्या पदराला धरून उभी होते. त्यानंतर ते भजन मी कधी सहज ऐकू शकले नाही.

मी सांगते आहे तो उन्हाळा सत्याऐंशीचा. लातूर जिल्हा अजून नवा नवा होता. पूर्वी कागदाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूर झालं होतं, एवढाच काय तो फरक. नळ मात्र त्या जिल्ह्यातही कोरडा होता आणि ह्या जिल्ह्यातही. बायका पहाटेपासून टँकरची वाट बघत बसायच्या. कडब्याअभावी लोकांनी बैल देगलूरच्या बाजारात नेऊन विकले. अशात नव्या जिल्ह्यातल्या काही हौशी पुढाऱ्यांनी लातूरला दुष्काळनिधीसाठी एक मोठा जलसा ठरवला. मुंबईचा हिरो येणार, नाचगाणं होणार, तिकिटाचे पैसे दुष्काळाला. साथीला नांदेडचा ऑर्केस्ट्रा होता, आणि त्या ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायला आमचे सिद्धरामकाका.

त्यांचाही इलाज नव्हता. दुष्काळात नवे कपडे कोण शिवतं? त्यांच्या मशीनवर धूळ बसली होती. काकांपासून लपवून ते महिनाभर नांदेडला जाऊन येऊन होते.

मी त्या जलशाला गेले. खोटं कशाला बोलू, नवी साडी नेसून गेले. हिरो इतक्या उशिरा आला, की पोरं खुर्च्यांवरच झोपली होती. आला तो झुलत. काळा चष्मा, छातीची बटणं उघडी. त्याला सरकारी बंगल्यावर आंघोळीला वेगळा टँकर दिला म्हणे. ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण लोक बोलत होते. मग संयोजकांनी त्याचे आभार मानायला खेड्यातल्या एका म्हातारीला स्टेजवर आणलं. तिनं हात जोडले. ह्या बाबानं तेच हात धरले आणि तिला नाचवायला सुरुवात केली. म्हातारीचा सगळा जीव डोक्यावरच्या पदरात. एक हात तो सोडेना, दुसऱ्या हातानं ती पदर सावरत होती, आणि खाली लोक शिट्ट्या मारत होते. मागं ढोलकी वाजत होती. मला उठून जावंसं वाटलं, आणि मी उठले नाही.

ही बातमी उदगीरला माझ्या आधी पोचली. काकांनी मला एवढंच विचारलं, "म्हातारीला नाचवलं, हे खरं हाय का?"

मी हो म्हणाले. ते ओट्यावरून उठले आणि दुकान उघडं टाकून देवळाकडे चालू लागले.

त्या दिवशी देवळात सगळे जमलेच होते, कारण दुसऱ्या दिवसापासून महादेवाला कोंडायचं ठरलं होतं. पाऊस नाही आला की आमच्याकडे देव कोंडतात. गाभारा काही पायऱ्या खाली आहे. त्याची पाणी जायची वाट मातीनं बुजवायची, घरोघरीची एकेक घागर आणून ओतायची, पिंड पूर्ण बुडवायची आणि सात दिवस भजन करायचं. देव गुदमरला की पाऊस सोडतो, असा हिशेब. त्या सात दिवसांत भजन खंडू द्यायचं नाही, हे मात्र पक्कं. प्यायला पाणी नसताना देवाला बुडवायला घागर कुठून आणायची, असं काकू पुटपुटल्या होत्या, पण घागर काढून ठेवली होतीच.

सिद्धरामकाका पखवाजाला कणीक लावत बसले होते. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सिद्धराम, त्या बेवड्यामागं तू ढोलकी वाजवलास का न्हाई?"

"वाजवलो. पोट हाय."

"त्यो म्हातारीला नाचवत हुता तवा बी वाजवलास?"

सिद्धरामकाकांनी मान खाली घातली. "हात थांबला न्हाई, मलप्पा. तिथं थांबवायचं आपल्या हातात नसतंय."

"मग ह्या हाताला देवापुढं पखवाज न्हाई." काकांचा आवाज चढला. "समद्यांनी ऐका. ही माणसं आपल्या लेकीबाळींला काय शिकवून राहिलीत, मी रोज वाचतो. लाज इकून खाल्लेली माणसं हायत ती, आन् आपण त्यांला देव्हाऱ्यात बसवून राहिलो. आजपास्नं जो सिनेमाचं गाईल, जो सिनेमाचं वाजवील, त्यानं गाभाऱ्याची पायरी उतरायची न्हाई. मग तो कुणी बी असू द्या."

सिद्धरामकाकांनी वर बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. काहीतरी अगदी ओठापर्यंत आलं होतं, ते मला दिसलं. मग त्यांनी तोंड मिटलं, पखवाज भिंतीला टेकवून ठेवला, जोडे घातले आणि गेले. मंडळातल्या एकानंही मान वर केली नाही. मला वाटलं, सगळे काकांना भितात. संध्याकाळच्या गाडीनं सिद्धरामकाका नांदेडला गेल्याचं कळलं.

मला काकांचा असा राग आला होता, की काय सांगू. आणि म्हातारीचा पदर आठवला की वाटायचं, चुकीचं काय बोलले ते? ह्या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींशी भांडत होत्या.

रात्रीच्या जेवणाला मी काकांच्याच घरी होते. काकूंनी भाकरी वाढली ती ताटात आपटलीच.

"सिद्धरामभावजींला हाकललासा म्हणं."

"नियम हाय."

"सिनेमाचं वाजवायचं न्हाई, गायचं न्हाई?"

"हाव."

"मग तुमचं 'गळ्यात माझ्या' कुठलं हाय?"

"कपिलधारचं. कितींदा सांगू?"

"देगलूरच्या तंबूतलं हाय." काकू चुलीपुढून उठल्या. "लग्नाच्या आधी मी बघितला हुता त्यो सिनेमा. भनीसंगं. दोनदा. ती बाई घागर घिऊन विहिरीवर येती आन् तिचा त्यो झाडाआड हुबा ऱ्हातो. तवा म्हणती ती. हीच चाल."

"खोटं."

आमच्या काकू जन्मात कधी गाताना दिसल्या नव्हत्या. मंगळागौर नाही, पाळणा नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. हिंदीत, लचके घेत, नाजूक आवाजात. तंतोतंत 'गळ्यात माझ्या तूच बांधला'. माझा घास हातातच राहिला.

काकांनी ताट बाजूला सारलं. "तीस वर्सं झाली लग्नाला," ते म्हणाले. "कधी बोलली न्हाईस."

"आधी वाटलं, राहू द्या, चांगलं गाता. मग मन्याला मातीत बसवताना तुम्ही त्येच म्हणलासा." काकू चुलीकडे वळल्या. "अय्यो शिवने! त्याच्या नंतर कोण सांगतंय तुम्हाला?"

काका हात न धुताच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी गाव पालथं घातलं. मंडळाचे पेटीवाले हणमंतराव, निवृत्त हेडमास्तर, त्यांना गाठलं. हणमंतराव म्हणाले, "मलप्पा, म्हाईत हुतं रे. मला वाटलं, तुला बी म्हाईत हाय आन् तू कळू देत न्हाईस." काकांचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. तिथून ते टाळकऱ्यांकडे गेले, एकेकाच्या घरी. सगळ्यांना ठाऊक. फुलवालीला ठाऊक. चौबाऱ्यावरचा अत्तरवाला म्हणाला, "मलप्पासेठ, वो तो बचपन का गाना है हमारा. आपके मुँह से अच्छा लगता, इसलिए चुप रहते." काका परत आले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलं होतं. एवढ्या वर्षांत लोक डोळे मिटून माना डोलवायचे ते भक्तीनं की गंमत म्हणून, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला. मी सांगितलं, "काका, भक्तीनंच." त्यांनी ऐकलं नाही.

दुपारी देव कोंडायला सुरुवात झाली. बायका घागरी घेऊन रांगेनं आल्या. पाणी पिंडीच्या वर चढलं. आता भजन सुरू करायचं, आणि काका आत येईनात. बाहेर जोड्यांच्या ढिगाशेजारी जाऊन बसले.

"उतरा खाली, मलप्पा," हणमंतराव म्हणाले.

"मला मनाई हाय. कालच समद्यांपुढं सांगितलो."

"आरं, तुला कुठं ठाऊक हुतं?"

"ठाऊक नसताना इख खाल्लं तर माणूस मरत न्हाई का?" काका म्हणाले. "सिद्धरामनं पोटासाठी वाजवलं. मी तर भक्तीनं गायलो. तीस वर्सं. कुणाचा गुन्हा मोठा, तुम्हीच सांगा मास्तर."

मला तर त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. असा हट्टी माणूस! पण एक सांगते, दुसऱ्याला लावलेला नियम दुसऱ्याच दिवशी स्वतःला लावणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. पेपरातल्या कोणा पुढाऱ्याला हे जमलं असतं का?

भजन सुरू झालं ते रडतखडतच. पुढं म्हणणारा बाहेर, पखवाजवाला नांदेडात. हणमंतरावांची पेटी एकटीच दमेकरी माणसासारखी ओढत होती. दुसऱ्या दिवशी तर दोनदा भजन खंडता खंडता राहिलं. लोक कुजबुजायला लागले. पाऊस नाही आला तर ह्या दोघांच्या नावानं खडे फुटणार, हे दिसतच होतं. काका दुकानाच्या आतबाहेर होत होते. ओट्यावर बसत, उठत, देवळाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत. भजनात कोणी चुकलं की बाहेर त्यांच्या अंगाला झटका बसायचा. रद्दी त्यांनी निवडलीच नाही. काकूंनी एका बाईला विभूती बांधून दिली, त्या कागदावर एक नटी दात दाखवून हसत होती. काकांनी बघितलं आणि पुडी तशीच जाऊ दिली. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. "उमा, तू नांदेडला निघालीस न्हवं? चल. मी येतो. सिद्धरामला आणतो. त्याला आत बसवतो, मी बाहेर बसतो. भजन तर चालू द्या."

मी दोन दिवसांनी निघणार होते. मुकाट्यानं पोराला उचललं.

मुखेडमार्गे जाणारी एसटी. ड्रायव्हरनं टेप लावला होता. एरवी काकांनी कंडक्टरची हजेरी घेतली असती. आता ते कान टवकारून बसले होते. प्रत्येक गाणं सुरू झालं की मला कोपर मारायचे. "हे आपल्या भजनात हाय का?" मी म्हणायचे, "नाही काका." पुढचं गाणं. "आन् हे?" "नाही." मुखेडच्या अलीकडे एक जुनं गाणं लागलं, आणि मला खोटं बोलता येईना. "हे सोमवारच्या आरतीनंतरचं," मी म्हणाले. काकांनी खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर पार क्षितिजापर्यंत नांगरून ठेवलेली, ढेकळं तापलेली रानं होती.

ऑर्केस्ट्रावाल्यांची तालमीची जागा मोंढ्यामागं, एका रिकाम्या गोदामात होती. दुपारचं ऊन पत्र्यावर रणरणत होतं. आत चारदोन पोरं गिटार खांद्याला लावून उभी होती, आणि सिद्धरामकाका गोणपाटावर बसून ढोलकी चढवत होते. आम्हाला बघून ते उठले. त्यांनी हात जोडले. "शरणार्थ, मलप्पा."

"शरणार्थ," काका म्हणाले, आणि पाणीसुद्धा न घेता विचारलं, "कपिलधारचं का म्हणलास?"

सिद्धरामकाका परत खाली बसले. "गंगम्मावैनी बोलल्या का?"

"कोण बोललं ते सोड. का म्हणलास?"

"सिनेमाची म्हणलो असतो तर तू घेतला असतास का? तुझा आवाज त्या चालीत बसणार, हे मला डोळ्यापुढं दिसत हुतं. आपण पोरं हुतो तवा. वाटलं, सांगू मग. मग लोक लांबनं ऐकायला याय लागले. सांगू मग. मग मन्या गेला."

काका उभेच होते. "त्या दिशी देवळात हाकललो तुला. चारचौघांत. तवा का बोलला न्हाईस? एका शब्दात माझं थोबाड बंद झालं असतं."

"ओठावर आलं हुतं."

"मग?"

सिद्धरामकाकांनी ढोलकी बाजूला सारली. "मी बोललो असतो आन् तू म्हणला असतास, की ते भजन घाण हाय. मन्याला ज्यानं पोचवलं ते घाण हाय, असं तुझ्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं, मलप्पा. त्यापरीस मी घाण झालो तर काय बिघडलं."

गिटारवाली पोरं आता आमच्याकडे बघत होती. काका हळूहळू भिंतीला टेकून खाली बसले.

"घाण न्हाई ते," ते म्हणाले. "तीन दिवस घोळवून राहिलो डोस्क्यात. घाण म्हणायला बघतो, जीभ वळत न्हाई. त्यो म्हातारीला नाचवणारा घाण हाय, ते मी आज बी म्हणतो, उद्या बी म्हणीन. पण ही चाल घाण न्हाई. म्हणून तर झोप न्हाई मला."

"चल," सिद्धरामकाका म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीनं येतो. दोघं बी पायरीवर बसू. मी तिथनंच ठेका धरतो, तू तिथनंच म्हण. आत ऐकू येतंय."

मला वाटलं, झालं, सुटलं. मी पोराला घेऊन उठलेसुद्धा. पण काका उठले नाहीत.

"एकदा म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"त्या बाईचं. तिच्या शब्दांत. मी ऐकलं न्हाई कधी."

सिद्धरामकाकांनी माझ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. मग ढोलकी मांडीवर घेतली. म्हाताऱ्या शिंप्याच्या घोगऱ्या आवाजात, विहिरीवर आलेल्या तरुण पोरीचं गाणं. घागर भरली, उशीर झाला, घरी काय सांगू, तू असा समोर येऊ नकोस. एक पोरगा आधी फिसकन हसला, मग त्यानं गिटार खाली ठेवली. काका सगळं ऐकत होते. डोळे उघडे होते. शर्टाच्या आत गळ्यातलं लिंग त्यांनी मुठीत धरलं होतं. गाणं संपलं तरी मूठ सुटली नाही.

"सिद्धराम," ते म्हणाले, "मन्या जायच्या आधी, त्याच वर्सी, गावाभाईर सिनेमाचा तंबू आला हुता. आठवतंय?"

"हाव."

"मन्या चोरून गेला हुता. आन् पळत घरी आला. माझ्याकडंच आला, दुकानावर. लई खूश हुता. म्हणला, अप्पा, अप्पा, तंबूत तुमचं भजन लावलंय."

त्या दिवशी मन्यानं खाल्लेला मार मला आठवत होता. मी ओट्यावर चिंचोके खेळत होते. मन्या कशासाठी मार खातो आहे, ते मला तेव्हा कळलं नव्हतं आणि नंतर कोणी सांगितलंही नव्हतं.

"देवाच्या नावानं खोटं बोलतोस म्हणून मारलो त्याला. म्हण, खोटं बोललो म्हण, असं म्हणत मारलो. लई येळ म्हणना. लई येळ." काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मग म्हणला. खोटं बोललो, अप्पा."